ताप नाही, कसर आहे

गणपती गेले की चार-पाच दिवसांत आमच्या रत्नागिरीत खोकला सुरू होतो. आधी वरच्या मजल्यावर, मग जिन्यात, मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या पदराआड. मुंबईकर बॅगा भरून परत गेलेले असतात. मागे मोदकांचे साचे, सुकलेल्या दूर्वा आणि त्यांनी आणलेला ठसका एवढं उरतं. माझं वय आता या ठसक्याला घाबरण्याचं आहे, म्हणून मी गणपतीच्या आधीच दवाखान्यात जाऊन फ्लूची सुई घेऊन येते. सिस्टर कापूस चोळता चोळता विचारते, "ताप वगैरे नाही ना, काकू?" मी "नाही" म्हणते. आणि त्या एका "नाही"पायी दरवर्षी मला चाळीस वर्षांमागचा एक भाद्रपद आठवतो. प्रेमाने नव्हे. तो मोसम आठवला की अजून माझं डोकं फिरतं, आणि त्या रागातला निम्मा वाटा मला स्वतःवर घ्यावा लागतो, म्हणून जास्तच फिरतं.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. अशा मुलीला तेव्हा रत्नागिरीत दोनच सल्ले मिळत, एक बँकेच्या परीक्षेचा आणि दुसरा लग्नाचा. तेवढ्यात मुंबईच्या एका संस्थेची जाहिरात आली. परदेशात फ्लूची लस होती. ती आपल्याकडे आणायची तर परवडेल का, आणि कोणाला टोचली तर तिचं चीज होईल, हे त्या लोकांना गणिताने ठरवायचं होतं. त्यांनी मुंबईतला एक कारखाना निवडला होता, आणि त्या कारखान्यातले पुष्कळ कामगार ज्या गावचे होते ते आमच्या जिल्ह्यातलं एक गाव. गावात घरोघर फिरून फॉर्म भरायला माणूस हवं होतं. ते माणूस मी झाले, गणपतीपासून दिवाळीपर्यंत.

गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायका अजून आहेत, आणि त्यांची नावं एकदा कागदावर लिहून मी पुरेसं काही करून ठेवलं आहे.

कामाआधी दोन दिवसांचं शिक्षण होतं, एका शाळेच्या रिकाम्या वर्गात. मुंबईहून सर आले होते. सर म्हणजे या सगळ्या गणिताचे प्रमुख. मऊ आवाज, पांढरा सदरा, आणि खडूची भुकटी रुमालाला पुसायची सवय. त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं, आडवं, मुळं डावीकडे आणि फांद्या उजवीकडे. पहिल्या बेचक्यात लस दिली की नाही दिली. पुढच्या बेचक्यात ताप आला की नाही आला. त्याच्या पुढे कामाचे किती दिवस बुडाले, डॉक्टर लागला का, माणूस वाचला का. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक आकडा. सगळे आकडे मागे मागे गुणत आणायचे आणि खोडापाशी उभं राहून बघायचं, कुठली बाजू स्वस्त पडते.

मी ते झाड बघून खुळावले होते. कॉलेजात तीन वर्षं मी फासे टाकले होते आणि पिशवीतून लाल-पांढरे चेंडू काढले होते. इथे पहिल्यांदा त्या चेंडूंना नाक-डोळे आले. सर म्हणाले, "मॉडेल म्हणजे न घडलेलं वर्ष आधी कागदावर घडवून बघणं. तुम्ही जे लिहून आणाल त्यावर ते उभं राहील. शेऱ्याचा रकानासुद्धा वाया जाणार नाही, मी प्रत्येक शेरा वाचेन." मला ते आवडले. इतक्या हुशार माणसाला माझ्या अक्षराची गरज आहे, हे मला फारच आवडलं. बावीस वर्षांची होते, त्यामुळे माफ आहे असं लोक म्हणतील. मी म्हणत नाही.

सरावासाठी पहिला फॉर्म घरी भरायचा होता. मी आईला विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत ताप आला होता?"

आई मोदकांची उकड मळत बसली होती. "ताप नाही गं. कसर होती चार दिवस."

फॉर्मवर दोनच चौकोन होते, होय आणि नाही. मी "नाही"वर खूण केली. पुढचा प्रश्न कामाचे दिवस किती बुडाले. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी शून्य लिहिलं आणि मोदक खायला बसले. त्या चार दिवसांत आई दुपारी भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि तिचा हात लागला की कोमट लागायचा, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रकाना वेगळा, हे मी त्याच दिवशी शिकले, फारच लवकर शिकले.

एसटी मला मुख्य रस्त्यावर सोडायची. तिथून सड्यावरची पायवाट. भाद्रपदात आमचा सडा ओळखू येत नाही. एरवीचा काळा, तापलेला कातळ, पण त्या दिवसांत त्याच्या खाचाखाचांत निळी-जांभळी इवलीशी फुलं भरलेली असतात आणि पाय ठेवायला संकोच वाटतो. पुढे घाटी उतरायची, साकव ओलांडायचा, आणि ओढ्याच्या पलीकडे वाडी. साकवावर पोचलं की पहिल्यांदा वास यायचा तो निरगुडीचा. घरोघरी चुलीवर पाला उकळत असे आणि घोंगडी पांघरून कोणीतरी वाफ घेत असे. त्या वासाखाली दुसरा वास, हळव्या भाताचा. हळवं म्हणजे लवकर पिकणारं. ते नेमकं याच दिवसांत तयार होतं, आणि नेमका याच दिवसांत चाकरमान्यांनी मागे ठेवलेला ताप वाडीभर फिरतो. भात थांबत नाही आणि तापही थांबत नाही.

पहिल्या दिवशी कोणी दार पुरतं उघडेना. मी संततिनियमनवाली आहे अशी बातमी माझ्या आधी पोचली होती. मग पहिल्याच घरची एक बाई पडवीतून बाहेर आली, बत्तीसएक वर्षांची असेल, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात विळा. तिने माझ्या चपलांकडे बघितलं.

"ह्या चपला घालून घाटी उतारलीस? मंग तू सरकारी नव्हंस. सरकारी मानूस रस्त्यावरनंच परत जातो. ये, बस."

ही सुमनवहिनी. नवरा त्या कारखान्यात, वर्षातून दोनदा घरी. घरी ती, सातवीतली मुलगी मंदा, एक म्हातारा सासरा आणि दोन बैल. आणखी एक गोष्ट होती. सुमनवहिनीला दमा होता. बोलताना वाक्याच्या शेवटी बारीक शिट्टी वाजायची आणि ती हसून म्हणायची, "कुकर झाला." दर साली या मोसमात तिची छाती भरायची आणि दिवाळीपर्यंत रिकामी व्हायची नाही. मागच्या साली तर तिला डोलीतून घाटी चढवून नेलं होतं. ती सांगायची तेव्हा जणू गंमतच सांगायची, पण सासरा मान फिरवून बैलांकडे बघत बसायचा.

मी फॉर्म काढला. "वहिनी, गेल्या पंधरा दिवसांत तापामुळे कामाचे किती दिवस बुडाले?"

"दिवस तर रोजच बुडतो गो," तिने विळ्याने पश्चिमेकडे दाखवलं, "त्या तितं, माडांच्या मागं."

शेजारच्या दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. मीही हसले आणि समजावून सांगितलं. मग तिने विचार करून उत्तर दिलं. "काम करायचं काय ऱ्हायलं नाय. कापनी चालूच हाय."

"पण ताप होता ना?"

"ताप नाय गो. जराशी कसर हाय."

मी तिच्या मनगटाला हात लावला. चांगलं चटका बसण्याइतकं गरम होतं.

कसर हा शब्द आमच्याकडे सगळे वापरतात, वाडीतलेही आणि रत्नागिरीतलेही. अंगात थोडी ऊब, हाडांत दुखरेपण, तोंडाला चव नाही. पण त्या मोसमात मला कळलं की बायकांच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा आहे. उभं राहता येतंय तोवर कसर. आडवं पडलं की ताप. म्हणजे ताप हा अंगाच्या उष्णतेवरून ठरत नव्हता, अंथरुणावरून ठरत होता. आणि हळवं भात उभं असताना अंथरूण धरायची सोय कुठल्याच बाईला नव्हती. तोच आजार घेऊन सुट्टीला आलेला तिचा नवरा चार दिवस घोंगडीखाली कण्हायचा, त्याला ताप. त्याची पेज करून, बैलांना गवत टाकून, शेतात उतरलेली ती, तिला कसर. मी घरोघर हेच ऐकलं. "कसर हाय", "बारीक कसर हाय", "कसरच म्हन." आणि प्रत्येक वेळी "नाही"वर खूण केली, कारण त्या "नाही" म्हणत होत्या आणि मला शिकवलं होतं, सांगणाऱ्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही.

पण शेऱ्याच्या रकान्यात मी लिहीत होते. कसर, चार दिवस, अंग गरम, कापणी चालू. कसर, आठ दिवस, खोकला, पाणी भरणं चालू. पेन्सिलीने नव्हे, शाईने लिहीत होते. संध्याकाळच्या एसटीत मांडीवर गठ्ठा घेऊन बसायचे, ओल्या छत्र्यांच्या आणि सुक्या मासळीच्या वासात, आणि मला वाटायचं की मी काहीतरी पकडलं आहे. मुंबईच्या कोणाला सापडलं नसतं असं काहीतरी. त्या आनंदाची आता लाज वाटते, पण तो आनंद खराच होता.

एका दुपारी पाऊस म्हणून कापणी थांबली होती. सुमनवहिनीच्या ओटीवर मी कोळशाने ते झाड काढून दाखवलं. बायका भोवती बसल्या. त्यांना ते आंब्याच्या कलमाइतकं चटकन समजलं. ही लस दिलेली फांदी, ही न दिलेली, इथे ताप, इथे नाही. सुमनवहिनी कितीतरी वेळ वाकून बघत होती. मग तिने बोट पुढे केलं.

"ह्या झाडावर मी कुटल्या फांदीवर गो?"

मी तापाच्या फांदीवर बोट ठेवलं. "ही बघा, इथे."

"हितं नीट बसलेय ना? पडनार नाय?"

"नाही पडणार."

हे मी बोलले. मला तसं कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

नवरात्राच्या सुमाराला सर स्वतः वाडीत आले. घाटी उतरले, चपला हातात घेऊन साकव ओलांडला, आणि सुमनवहिनीच्या ओटीवर मांडी घालून गवती चहाचा चहा प्यायले. वाटेत मी त्यांना कसरीचं सगळं सांगितलं होतं, धापा टाकत, सगळी उदाहरणं देत. ते थबकले होते. खिशातून वही काढून त्यांनी तो शब्द लिहून घेतला होता, आणि म्हणाले होते, "हे फार मोलाचं आहे. हा तुमचा शोध आहे. आपल्याला कसरीची वेगळी फांदी काढावी लागेल." कसरीची वेगळी फांदी! मी उरलेली घाटी उडतच उतरले.

त्यांच्याबरोबर बर्फाच्या डब्यातून थोड्या सुया आल्या होत्या, फॉर्म भरणाऱ्यांसाठी. रोज आजारी घरात जाणाऱ्यांना द्यायलाच हव्यात, असं ते म्हणाले. बरोबर आलेल्या कंपाउंडरने मला तिथेच, ओटीवर, सगळ्यांच्या देखत सुई दिली. मी दंड पुढे केला, आणि मला आठवतं, समोर बसलेल्या सुमनवहिनीने नकळत आपलीही बाही जरा वर सरकवली होती.

"आमास्नी कवा वो सायेब?" तिने विचारलं.

सर हसले. त्यांचं हसू चांगलं होतं, त्यात खोट दिसत नव्हती. "पुढच्या गणपतीच्या आधी लस या वाडीत येईल. आणि पहिली सुई तुम्हाला, वहिनी. तुमची छाती मी ऐकली आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. त्यांच्या शब्दावर नव्हे, माझ्यावर तिचा विश्वास होता. मी मान डोलावली.

या माणसाच्या बाबतीत मी नंतर खूप विचार केला आहे. त्या ओटीवर तो खोटं बोलत होता का? मला वाटतं, नव्हता. त्या क्षणी त्याला तसं वाटतच होतं, चहा गरम होता, पाऊस पडत होता, बायका बघत होत्या. उघड खोटं बोलणारा माणूस मला अजून परवडला असता. त्याला शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

अहवाल पुढच्या उन्हाळ्यात आला. आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस होते, सगळ्या गल्लीत गवताचा आणि पिकलेल्या फळाचा घमघमाट होता. टपालाने आलेली टंकलिखित प्रत, इंग्रजीत, सुबक बांधलेली. मी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. आधी झाड दिसलं, छापील, रेखीव. मी फांद्या मोजल्या. कसरीची फांदी नव्हती. मला वाटलं पुढे असेल. पुढे कोष्टकं होती. कारखान्यातले कामगार, बुडालेले दिवस, दिवसाची मजुरी, लशीने वाचेल ती रक्कम. मग ग्रामीण स्त्रिया. ताप अत्यल्प. बुडालेले दिवस शून्य. आणि शून्याला कशानेही गुणलं तरी काय येतं ते सांगायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. खाली एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की या भागातल्या स्त्रियांमध्ये तापाचं प्रमाण आश्चर्यकारकरीत्या कमी आढळलं, बहुधा मोकळ्या हवेतल्या कष्टाच्या जीवनामुळे. शेवटी निष्कर्ष. लस कारखान्यात द्यावी, तिथे ती फायद्याची आहे. गावात देणं परवडत नाही.

आभाराच्या पानावर माझं नाव होतं, बिनचूक लिहिलेलं. शेऱ्याच्या रकान्याबद्दल अहवालात एक अक्षर नव्हतं.

आई विचारत होती, काय गं, काय झालं. आईला काय सांगणार होते? सरावाचा म्हणून का होईना, तिचाही फॉर्म त्या गठ्ठ्यात गेला होता की.

मी सरांना पत्र लिहिलं, आठ पानी. कसरीचा अर्थ पुन्हा सांगितला, ओटीवरच्या शब्दाची आठवण करून दिली, बाई तापाने फणफणत भात कापत असेल तर तो दिवस शून्य कसा, असं विचारलं. उत्तर आलं, एका पानाचं, सुवाच्य अक्षरात. तुमच्या भावना समजतात. परंतु मॉडेलला आकडा लागतो, शब्द पुरत नाही. कसर किती अंशांची, हे कुठे नोंदलेलं नाही. घरकामाला मजुरी नसल्याने तिची किंमत धरण्याची पद्धत नाही. आणि शेवटची ओळ, जी मला आजही तोंडपाठ आहे: "ताप या रकान्यातली 'नाही' ही खूण प्रत्येक फॉर्मवर आपल्याच हातची आहे."

खरंच होतं ते. फसवणूक अशी असावी तर अशी. फसवणारा कागद पुढे करतो आणि त्यावर सही आपली असते. त्यांनी माझा शोध वहीत टिपून घेतला आणि वही मिटली, हा त्यांचा वाटा. मी शिकवल्याप्रमाणे खूण करत गेले, गरम मनगट हातात धरून "नाही"वर खूण करत गेले, हा माझा.

पुढचे गणपती आले. वाडीत जायची माझी हिंमत झाली नाही. सुमनवहिनीचा नवरा मात्र आला, ठणठणीत, दंड दाखवत. कारखान्यात त्यांना सुया दिल्या होत्या. त्याच्याबरोबर गावात उतरलेल्या दुसऱ्या कोणाच्या खोकल्याबरोबर ताप आला आणि फिरला. हे मला बाजारात भेटलेल्या वाडीतल्या एका बाईने सांगितलं. पुढचंही तिनेच सांगितलं. सुमनवहिनी कसर घेऊन बारा दिवस भात कापत होती, तेराव्या दिवशी बांधावर बसली ती उठलीच नाही. डोली करून वर आणली. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात आहे.

मी गेले. ती खाटेवर बसून श्वास घेत होती. त्या श्वासाला आता शिट्टी नव्हती, नुसती खरखर होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल. मी खरं म्हणजे त्याच आशेने गेले होते.

"ये, बस," ती म्हणाली. मग म्हणाली, "ती सुई कारकान्यात गेली म्हनतात."

"हो."

"मंग तुज्या झाडावर मी व्हते तरी का गो?"

मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म, चौकोन, होय, नाही. तुम्ही कसर म्हणालात म्हणून मी "नाही" लिहिलं, आणि "नाही" म्हणजे तुम्हाला काही झालंच नव्हतं. ती ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती आश्चर्याने म्हणाली, "तुला म्हाइत नव्हतं? कसर मंजे काय ते तुला म्हाइत नव्हतं?"

"माहीत होतं."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. जाताना मी तिच्याजवळ वाकून, जणू काही मोठी कानगोष्ट सांगावी तसं सांगितलं, "वहिनी, यापुढे कोणीही विचारलं ना, तर कसर म्हणू नका. ताप आहे म्हणा. ताप." तिने मान डोलावली, शाळेतल्या पोरीसारखी.

ती वाचली, पण छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. घाटी तिला बंद झाली. बैल विकले. मंदाने आठवीतच शाळा सोडली, कारण घरात पाणी भरायला, चूल पेटवायला आणि भात लावायला कोणीतरी हवंच होतं. हे कुठल्या फांदीच्या टोकाला लिहायचं होतं, मला अजून कळलेलं नाही. मी पुढे ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, सगळी नोकरी तेच केलं. फळ्यावर ते आडवं झाड दरवर्षी काढावं लागे. मी ते काढायचे, समजावून सांगायचे, आणि मुलं वहीत उतरवून घेत असताना खडूचे हात पदराला पुसत खिडकीबाहेर बघत बसायचे.

आता फ्लूची लस कोणीही पैसे टाकून घेऊ शकतं. अनेक वर्षं मी मनात म्हणत होते, एकदा घेऊन जाऊया वाडीत. लाज आडवी यायची. या वर्षी माझी सुई घेताना मी सिस्टरला विचारलं, येशील का माझ्याबरोबर, एक सुई द्यायची आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. आम्ही बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने निघालो. आता साकवाच्या जागी पूल आहे आणि रिक्षा थेट ओटीसमोर उभी राहते. सड्यावर फुलं तशीच होती, फक्त निम्म्या सड्यावर आता कुंपण आहे.

दार मंदाने उघडलं. पन्नाशीची झाली आहे, केस पांढरे. तिने मला ओळखलं आणि हसली नाही. "आये, लसवाली बाय आलेय," तिने आत सांगितलं, आणि आपल्या कामाला गेली. तिचं काही चुकलं नाही.

सुमनवहिनी काठी टेकत बाहेर आली. सत्तरी उलटली आहे, अंगाची काडी झाली आहे, पण डोळे तेच. मी सांगितलं, कशासाठी आले. तिने डब्याला हात लावून बघितला.

"आनलीस व्हय शेवटी," ती म्हणाली. आणि बाही वर केली, खांद्यापर्यंत.

सिस्टरने डबा उघडला, फॉर्म काढला. आताही फॉर्म असतो. "आजी, आज ताप वगैरे नाही ना?"

सुमनवहिनीने सिस्टरकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मग एकेक अक्षर सुटं करून, पाठ केल्यासारखं म्हणाली, "हाय. ताप हाय."

सिस्टरने तिच्या कपाळाला हात लावला. "हो की, थोडं गरम आहे अंग. मग आज नको, काकू. ताप असताना नाही देत आम्ही. आठ-दहा दिवसांनी बघू."

माझ्या तोंडावर आलं होतं, अगं ताप कसला, नुसती कसर आहे, दे तू. एक शब्द फिरवला असता तर सुई मिळाली असती. तो शब्द मला चांगलाच येतो. पण सुमनवहिनी माझ्याकडे बघत होती, बाही वर धरून, आपण बरोबर उत्तर दिलं की नाही ते विचारत.

"ताप आहे," मी सिस्टरला म्हणाले. "'होय'वर खूण कर."

तिने खूण केली. सुमनवहिनी वाकून कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही.

"लिवलंन?"

"लिहिलं, वहिनी."

तिने बाही खाली ओढली. "मंग बसा. च्या टाकते," असं म्हणाली आणि काठी टेकत चुलीकडे गेली.